कोयत्यात बाई कुठं धरायची?

ऊसतोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. बारा कोयत्यांची टोळी म्हणजे चोवीस माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळी सरली की बीड-अहिल्यानगरकडून आणि आपल्याच जत तालुक्यातून या टोळ्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांकडे यायला लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. पहाटे दोघंही फडात उतरतात. तो तोडतो. तीही तोडते, मोळ्या बांधते, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. त्याआधी कोपीवर, म्हणजे राहायच्या खोपटात, भाकरी थापून झालेल्या असतात आणि संध्याकाळी पाणी, जळण, पोरं वाट बघत असतात. एखाद्या दिवशी ती पडून राहिली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो. हिशेब टनावर आणि कोयत्यावर. त्यातली तिची एकटीची मजुरी किती, हे विचारायचं म्हटलं तर कागदावर तशी जागाच नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की आज जी कल्पना समजून घ्यायची आहे तिचं नाव ऐकूनच माणूस दचकतो: इंटरसेक्शनॅलिटी. नाव सोडून देऊ. मुद्दा एवढाच, की बाईवरचा अन्याय एका खात्यात आणि जातीचा किंवा वंशाचा अन्याय दुसऱ्या खात्यात टाकला की काही बायका दोन्ही खात्यांतून गळतात. त्यांचं दुखणं खरं असतं, पण ते कुठं लिहायचं हे कुणालाच ठरवता येत नाही.

ही गोष्ट कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा नीट मांडली ती किंबर्ले क्रेनशॉ या कृष्णवर्णीय अमेरिकन कायदेपंडित बाईंनी, १९८९ साली. त्यांनी एक जुना खटला उकरून काढला. जनरल मोटर्स या मोटारी बनवणाऱ्या कंपनीवर पाच काळ्या बायकांनी दावा लावला होता. कंपनीनं १९६४ च्या आधी एकाही काळ्या बाईला कामावर घेतलं नव्हतं. त्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला, मग दारं उघडली. पुढं मंदी आली आणि कंपनीनं कामगार कमी करायला घेतले. नियम वरवर अगदी सरळ होता: जो शेवटी लागला तो आधी जाणार. १९७० नंतर लागलेल्या काळ्या बायका त्यात सगळ्या गेल्या. ज्यांना आधी आतच घेतलं नाही, त्यांची ज्येष्ठता येणार कुठून?

१९७६ मध्ये मिसुरीतल्या कोर्टानं काय म्हटलं बघा. कंपनी १९६४ च्या आधीही बायका घेत होती, मग बाई म्हणून भेदभाव कसला? (त्या बायका गोऱ्या होत्या आणि ऑफिसात बसत होत्या.) आणि वंशाची तक्रार असेल, तर त्याच कंपनीवर काळ्या कामगारांचा दुसरा दावा चालू आहे, त्यात सामील व्हा. बाई म्हणून या किंवा काळ्या म्हणून या. दोन्ही एकत्र करून तिसराच वर्ग कायद्यात काढता येणार नाही. वकिली डोक्याला हे बिनतोड वाटेल. त्या पाच जणींनी मात्र घरी जाऊन काय सांगितलं असेल?

क्रेनशॉ बाईंनी समजवायला चौकाचं उदाहरण दिलं. चारी बाजूंनी गाड्या येतात, मधे उभ्या असलेल्या माणसाला अपघात होतो. ठोकर एका रस्त्यावरच्या गाडीची असेल, दुसऱ्या रस्त्यावरची असेल किंवा दोन्हींची एकदमच असेल. आता पंचनामा करणारा म्हणाला की आधी सिद्ध करा गाडी नक्की कुठल्या रस्त्यानं आली, मगच अँब्युलन्स बोलवू, तर? सांगलीच्या राममंदिर चौकात संध्याकाळी सहाला उभं राहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

आता परत आपल्या फडात या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारला पाहणी करावी लागली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हा प्रश्न कुठल्या खात्यात घालायचा? आरोग्य? मग डॉक्टरांवर नियम करून मोकळं व्हायचं. कामगार? कामगार म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष येतो आणि त्याला तर गर्भाशयच नाही. महिला? महिला म्हटलं की सुशिक्षित, पगारी, शहरातली बाई आधी आठवते, आणि तिच्या मासिक पाळीच्या रजेवर चर्चा सुरू होते. फडातल्या बाईला रजा नाही, खाडा आहे. चार-पाच महिने आडोसा नाही, पुरेसं पाणी नाही, वजन उचलणं सुटत नाही आणि अंगावर उचल आहे. पोटात दुखतंय म्हणून ती दवाखान्यात जाते, तेव्हा ‘पिशवी काढून टाक, कटकट संपेल’ हा सल्ला तिला तिच्या सोयीचाच वाटतो. यातलं एकेक कारण सुटं करून पाहिलं तर कुणीच दोषी सापडत नाही.

दुसरं उदाहरण तर तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर आहे. बँक असो, कॉलेज असो, जिल्हा परिषद असो, लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीचा बोर्ड कुठंतरी लावलेला असतो, नावं आणि फोन नंबरसकट. तो बोर्ड ज्या बाईमुळं लागला ती कधी ऑफिसात बसली नव्हती. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी, कुंभार समाजातली, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करायची. बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. आरोपी तिच्याहून वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींतले. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं त्यांना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. या सगळ्या प्रकरणावरून उठलेल्या लढ्यातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ चा कायदा आला. कायद्यात ‘कामाची जागा’ आली, ‘महिला’ आली. गावात सरकारी काम करताना जातीमुळं जे सोसावं लागलं ते त्या बोर्डावर कुठंच नाही. मी कायद्याला नावं ठेवत नाही, त्याचा उपयोग होताना बघितलाय. पण ज्या बाईच्या जिवावर तो उभा राहिला, तिच्या अर्ध्या दुखण्यालाच तो लागू पडतो, हेही खरं.

इथं एक गल्लत होते, ती काढून टाकू. अमेरिकेतला वंश आणि आपल्याकडची जात ही एकच गोष्ट नव्हे. इंग्रजांनी ती एक करून बघितली होती. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी लोकांच्या नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावायचा उद्योग केला, म्हणजे नाक जितकं चपटं तितकी जात खालची. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहिलं होतं, की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशानं एकच, तसेच मद्रासकडचे ब्राह्मण आणि तिथले अस्पृश्य परिया एकच. पुढं १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना त्यांनी नाकांच्या मापांचेच आकडे घेऊन दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे निघत नाहीत. म्हणजे जात चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. म्हणून तर आपल्याकडं आडनाव विचारतात, आडनावातून उलगडलं नाही तर गाव विचारतात, आणि तरीही नाही उलगडलं तर ‘पाहुणे कुठले तुमचे?’ असं विचारतात.

मग रंगाचं काय? जात रंगावरून ओळखू येत नाही, तरी आपण रंगावरून अंदाज बांधतोच. शिवाय रंगाची स्वतःची वेगळी बाजारपेठ आहे, आणि तिचा सगळा भार बाईवर.

माझ्या दिरांचा सांगलीत गावभागात फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईच्या आधी मी तिथं बायोडेटे टाइप करायला बसते. वर गणपती, खाली जन्मवेळ, रास, उंची, आणि ‘वर्ण’. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, एवढ्या चारांतच अख्खा जिल्हा बसवायचा. मुलांच्या बायोडेट्यात तो रकाना बरेचदा मोकळा राहतो आणि कुणाचं अडत नाही. मुलीचा मोकळा राहिला तर पलीकडून फोन येतो. एकदा तासगावकडची एक मावशी पोरीला घेऊन आली होती. पोरगी बी. फार्म. झालेली. फोटो स्क्रीनवर आला तशी मावशी म्हणाली, “भाऊ, जरा उजळ करा की ओ. लई काळी दिसाय लागलीया.” दिरांनी माउस सरकवला. गाल उजळले, कपाळ उजळलं, मग मान वेगळी दिसायला लागली म्हणून मानही उजळली. हात मात्र तसेच राहिले, कारण हातात बांगड्या होत्या आणि तिथं कडा नीट येईना. पोरगी शांतपणे म्हणाली, “आई, बघायला आल्यावर काय करायचं मग? त्यांच्या डोळ्यात बसून उजळ करणारेस का?” मावशीनं तिच्याकडं बघितलं नाही. “छापा तुम्ही,” म्हणाली.

मावशीला दोष देणं सोपं आहे. पण तिला बाजार कळतो. रंग दोन शेड खाली असला तर हुंडा किती तोळ्यांनी वर जातो, हे तिला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाहून चांगलं ठाऊक आहे. (हुंडा १९६१ पासून बेकायदा आहे. आता त्याला ‘मुलीच्या हौसेनं’ म्हणतात.) रानात भांगलायला जाणारी बाई उन्हानं रापते, सावलीत बसणारी रापत नाही. म्हणून रंगावरून जात सांगता आली नाही तरी रानात कोण राबतं आणि घरात कोण बसतं याचा वास रंगाला लागतो. अमेरिकेतल्या काळ्या समाजातही उजळ कातडीच्यांना झुकतं माप मिळत आलं. एकाच समाजाच्या आतल्या या रंगभेदाला तिथं कलरिझम म्हणतात. तो गोऱ्यांनी काळ्यांवर केलेल्या वंशभेदापासून वेगळा आहे, पण त्याच्याच पोटातून आलेला.

क्रीमची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली. जाहिरातीचं सूत्र पिढ्यान्‌पिढ्या तेच: आधी सावळी आणि हिरमुसलेली, मग उजळ आणि नोकरीवाली, किंवा उजळ आणि नवरेवाली. २५ मे २०२० ला अमेरिकेत मिनियापोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला, जगभर लोक रस्त्यावर उतरले, आणि त्या लाटेत जुलैमध्ये आपल्या किराणा दुकानातल्या पुडीवरचा ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ येणार असं जाहीर झालं. लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या साइटनं रंगाची गाळणी काढून टाकली. आपल्याकडच्या सावळ्या मुलींनी इतकी वर्षं सोसलं त्यानं जे झालं नाही, ते तिकडच्या एका मृत्यूनं महिना-दीड महिन्यात झालं. याचा आनंद मानावा की राग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुडी तीच आहे आणि गिऱ्हाईक आजही तिला जुन्याच नावानं मागतं.

आता पडद्याकडं. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. त्यातली सीता पुरुषानं केली, आणि पुढं कितीतरी दशकं रंगभूमीवर बाई म्हणजे पुरुषानं रंगवलेली बाई. बालगंधर्वांच्या काळात तर चांगल्या घरच्या बायका लुगडं कसं नेसायचं, केसांत फुलं कशी माळायची, हे त्यांच्याकडं बघून ठरवत. मिरजेचं नाट्यगृह आजही त्यांच्याच नावानं आहे. त्यांच्या गळ्याबद्दल माझ्यासारखीनं काय बोलावं! पण आदर्श बाई कशी दिसते, हे बाईला विचारल्यावाचून ठरलं आणि ती बाई खानदानी, नाजूक आणि गोरी ठरली, ही त्याच वैभवाची दुसरी बाजू. त्याच वेळी तमाशाच्या फडावर खऱ्या बायका नाचत-गात होत्या, खालच्या म्हटलेल्या जातींतल्या. त्यांच्याकडं बघायला गर्दी होई. त्यांच्यासारखं दिसावं असं मात्र कुणा घरंदाज बाईला वाटलेलं चालत नसे.

सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर स्मिता पाटील बातम्या द्यायच्या तेव्हा एक सावळा, बोलका चेहरा रोज घरात येत होता. त्यानंतर वाट रुंद व्हायला हवी होती. आज संध्याकाळच्या मालिका लावा. सावळ्या नायिकेची गोष्ट सांगायची ठरली, तर उजळ नटीला मेकअपनं काळं करतात. म्हणजे सावळेपणा चालतो, तो ज्यांचा आहे त्या मुली चालत नाहीत. त्याही पुढं जाऊन आडनावं बघा. नायक-नायिका कुठल्या समाजाच्या असतात? कामवाली कुठलं मराठी बोलते? सातारी-सांगलीकडची बोली आली की समजायचं, आता एकतर विनोद होणार किंवा शिवी येणार. मिरजेची मुसलमान मुलगी बातम्यांत दिसली तर चर्चा तिच्या बुरख्यावर. ती मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करतेय आणि क्लासची फी भरताना घरात ओढाताण होतेय, हे कुणी विचारत नाही. आणि आठ मार्चला पेपरात मोळी वाहणाऱ्या बाईचा फोटो हमखास असतो, खाली ‘कष्टकरी नारीशक्तीला सलाम’. फोटोत तिचं नाव नसतं. बाजूच्या पानावर सत्कारमूर्तींची मात्र नावं असतात, पदव्यांसकट.

दिसण्यानं एवढं काय होतं, असं वाटत असेल तर केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचा प्रयोग बघा. १९४० च्या आसपास त्यांनी काळ्या मुलांपुढं गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारलं: यातली चांगली कुठली? बऱ्याच मुलांनी गोरीकडं बोट दाखवलं. मग विचारलं, तुझ्यासारखी कुठली? काही मुलं रडायला लागली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, त्या निकालात या कामाचा संदर्भ आहे. आपल्याकडं तर बाहुलीपर्यंतही जावं लागलं नाही. २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेनं ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींना नवी नावं दिली. नको असताना झालेली म्हणून नकुशा. मुलींना आपलं नाव आपण निवडायला सांगितलं, आणि काहींनी सिनेमातल्या नट्यांची नावं घेतली. हसायचं कारण नाही. लोकांना हवीशी वाटलेली बाई त्यांनी तिथंच पाहिली होती.

‘ही अमेरिकेतली खुळं इथं कशाला?’ असं मला माझ्याच नात्यातल्या एका काकांनी विचारलंय. त्यांना सांगितलं, की ये-जा फार जुनी आहे. सातारा जिल्ह्यातलं कटगुण ज्यांचं मूळ गाव, त्या जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात ती म्हणते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडी-पाऊस सोसावा लागतो. बाई आणि मांग, दोन्ही एका वाक्यात. क्रेनशॉ बाईंच्या १३४ वर्षं आधी! बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ ला दलित पँथर निघाली, नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून. तिच्या संस्थापकांतले राजा ढाले आपल्या सांगलीजवळच्या नांद्र्याचे.

पण चळवळीच्या आतही बाई गळायचीच. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दुकानात बसल्या-बसल्या आपली आणि आपल्या वस्तीतल्या बायकांची हकीकत लिहून काढली, आणि नवऱ्यापासून, घरच्यांपासून ती वर्षानुवर्षं लपवून ठेवली. ती छापून यावी म्हणून पाठीशी उभ्या राहिल्या मॅक्सीन बर्नसन, अमेरिकेतून येऊन फलटणच्याच झालेल्या. ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात गावानं महारवाड्यावर काय केलं हे आहेच, शिवाय महारवाड्यात सासूनं सुनेवर आणि नवऱ्यानं बायकोवर काय केलं हेही आहे. आपल्याच माणसांची बदनामी होईल म्हणून ते गाळलं असतं तर त्यांचं कौतुक बहुधा जास्त झालं असतं. त्यांनी गाळलं नाही.

कासेगावच्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट तर थेट मिनियापोलिसच्या, १९४१ चा जन्म. गोरी, उच्चशिक्षित अमेरिकन बाई वाळवा तालुक्यात सून म्हणून आली, १९८३ मध्ये भारताची नागरिक झाली, २०२१ मध्ये कासेगावातच गेली. सासू इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यलढ्यातल्या. दोघी सासवा-सुना परित्यक्ता बायकांच्या प्रश्नावर खेड्यापाड्यांतून फिरल्या. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा प्रश्न शहरी स्त्रीवादाच्या यादीत बराच खाली होता. तिला पोटगीच्या कागदाआधी रेशनकार्डावर नाव हवं होतं, राहायला जागा हवी होती आणि जमिनीचा तुकडा हवा होता.

आता प्रवाह उलटाही वाहू लागलाय. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेली पोरं कॅलिफोर्नियात जातात आणि आडनावं सोबत नेतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानंही तसं विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते सही न करता परत पाठवलं. कारण दिलं की वंश, रंग, लिंग, धर्म, पूर्वजांचं मूळ हे रकाने कायद्यात आधीच आहेत, वेगळं काही लागत नाही. १९७६ ला मिसुरीच्या कोर्टानं त्या पाच बायकांना हेच ऐकवलं होतं. फरक इतकाच, की या वेळी विधेयक मागणाऱ्यांत आपल्याकडची माणसं होती, आणि ते पडावं म्हणून धडपडणाऱ्यांतही आपलीच.